खडे

मी त्या मैदानाची माती राखायचो.
एकवीस वर्षं. ओहायोतलं पोलादाचं गाव,
भट्ट्या एकेक करून विझत होत्या तेव्हाचं.
रोज दुपारी माती भिजवायची, दाताळं फिरवायचं,
चुन्याच्या रेघा ओढायच्या.
नावानं मला कुणी हाक मारत नसे.
रुडसेल मारायचा.

रुडसेल मार्तिना. कुरासाव बेटावरून आला,
एप्रिलच्या बर्फात, पातळ कोट घालून,
आणि पहिल्याच दिवशी उकिडवा बसला मैदानात.
तांदूळ निवडावेत तशी निवडू लागला माती,
दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली,
शॉर्टस्टॉपची, म्हणजे त्याची.
खडा सापडला की मागच्या खिशात.
सामना संपला की माझ्या तळहातावर:
"मिस्टर होर्वाथ, आजचे सात."
आधी मला रागच यायचा.
मग मी कॉफीचा एक रिकामा डबा ठेवला.

पावसानं खेळ थांबला होता, तेव्हा एकदा बोलला.
त्यांच्या मैदानात म्हणे माती नव्हतीच.
पोवळ्याचा चुरा, फुटके शिंपले, शेळ्यांच्या लेंड्या,
आणि झाडांनासुद्धा जन्मभर
एकाच अंगाला वाकवून ठेवणारा वारा.
चेंडू तिथे टप्पा घेत नसे,
शब्द फिरवत असे.
आई तेलाच्या कारखान्यात कामगारांचे कपडे धुवायची,
तिनं ताडपत्रीचा ग्लव्ह शिवून दिला होता.
"दोनदा ओठ फुटला की कळतं," तो म्हणाला,
"चेंडूच्या मनात काय आहे ते."

बॅट हातात घेतली की बेताचाच.
दहादा उभा राहिला तर आठदा खाली मान घालून परत.
पण उजवीकडे खोल, जिथे माती संपून गवत लागतं,
तिथे फटक्याचा आवाज आपल्या कानी येईतो
त्याचं पाऊल निघालेलं असायचं.
उलटा हात. गुडघा मातीत.
आणि चेंडू पहिल्या बेसकडे असा जायचा
जणू घरीच निघाला होता,
वाटेत हा भेटला इतकंच.
लोक उठून उभे राहत नसत.
सोपंच तर दिसायचं.

झालेल्या धावा फलकावर लागतात.
न झालेल्या कुठे लावायच्या?
मी दाताळ्याच्या दांड्यावर सुरीनं खाचा पाडायचो.
दांडा तीनदा बदलला.

आणि ते ऑक्टोबर.
शेवटचा सामना, एकच गडी बाद व्हायचा राहिलेला,
सरळ, मवाळ चेंडू, शाळकरी पोरानं उचलावा असा.
उसळला. खांद्यावरून गेला. दोन धावा.
न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर
गावानं सबंध हिवाळा त्याचा उद्धार केला.
पत्रकारांना तो म्हणाला, "हात उशिरा आला."

दिवे मालवल्यावर मी कंदील घेऊन गेलो.
बोटाच्या पेराएवढा खडा, कडेला चेंडूची पांढरी खूण.
संध्याकाळी दाताळं फिरवलं होतं ते मीच.
त्याच्या बुटांचे ठसे खड्यापासून वीतभर अंतरावर.
पाहिला होता त्यानं.
तेवढा एकच खिशात घातला नव्हता.

आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

सतरा हंगाम. मग गुडघे गेले.
थोर खेळाडूंच्या दालनासाठी मतं मोजली
तेव्हा निवडणाऱ्यांनी त्याला
खड्यासारखा बाजूला काढला.
फटके कमी, म्हणाले.
कमीच होते.

परवा पत्र आलं. अक्षर थरथरतं.
तिथल्याच मैदानावर पोरांना शिकवतो.
कुठल्याशा कंपनीनं सपाट हिरवळ देऊ केली, फुकट.
पोरं नाचली. यानं नको म्हणून कळवलं.
आता आया भांडायला येतात घरी,
एकीच्या पोराचा दात पडलाय.
"मी चुकतोय का, मिस्टर होर्वाथ?
तुम्हाला मातीतलं कळतं."

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
डबा तेवढा फडताळातून खाली काढलाय,
टेबलावर ओतलाय.
ऑक्टोबरचाही यातच आहे.
कुठला, ते आता ओळखू येत नाही.